निकोलाचं घर

१९१९ सालच्या ऑगस्टमध्ये स्कोप्ये शहरातल्या शाळकरी मुलांना एकेक रुमाल मिळाला. शहरातला एक व्यापारी वारला होता आणि मेलेल्याची आठवण म्हणून रुमाल वाटायची तिथे रीत होती. किती रुमाल वाटले यावरून माणूस केवढा होता ते लोक ओळखत. त्या दिवशी सराफांनी दुकानं उघडली नाहीत. प्रेतयात्रेला गर्दी लोटली. व्यापारी कॅथलिक होता, पण शहरातल्या इतर धर्मपंथांनीही आपापली माणसं पाठवली होती.

हे सगळं आपल्याला कळतं ते त्याच्या मुलाकडून. लाझार तेव्हा अकरा वर्षांचा होता. म्हातारपणी, परक्या देशात बसून, त्याने हे आठवून आठवून सांगितलं.

त्या व्यापाऱ्याचं नाव निकोला बोयाजिउ. त्याची सगळ्यात धाकटी मुलगी अग्नेस त्याच महिन्यात नऊ वर्षांची व्हायची होती. पुढे जग तिला मदर तेरेसा म्हणून ओळखू लागलं आणि निकोला तिच्या चरित्रांच्या पहिल्या प्रकरणात दोन पानांपुरता उरला. देवभोळा, दानशूर, लवकर गेलेला बाप. तो तेवढाच होता असं मला वाटत नाही. तो राजकारणात होता. ते राजकारण अल्बानियन राष्ट्रवादाचं होतं, आणि त्याच्या घरच्यांनी आयुष्यभर हेच मानलं की तो त्या राजकारणापायी गेला.

माझा या माणसाशी संबंध आला तो आजीमुळे. आजोबा बंगाल नागपूर रेल्वेत होते. त्यांच्या नोकरीपायी आजीची उमेदीची वर्षं कलकत्त्यात, गार्डन रीचला, रेल्वेच्या वस्तीत गेली. पुढे सगळे नागपूरला परतले, पण आजीच्या गोष्टी कलकत्त्यातच राहिल्या. रात्री अंगणात खाट टाकली की ती सुरू व्हायची. त्रेचाळीसच्या दुष्काळात दाराशी भात मागायला कोणी यायचं नाही, नुसती पेज मागायला यायचे, ते ती सांगायची. सेहेचाळीसच्या ऑगस्टमधल्या दंगलीत आजोबा दोन रात्री घरी आले नव्हते, ते सांगायची. सियालदा स्टेशनवर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं फलाटावरच संसार मांडून बसली होती, तेही सांगायची. आणि मग निळ्या काठाच्या पांढऱ्या साड्या नेसून, दोघी-दोघींनी झपाझप चालत जाणाऱ्या जोगिणी. आजी त्यांना जोगिणीच म्हणायची.

१९७९ मध्ये त्यांच्या मदर तेरेसांना नोबेल जाहीर झालं तेव्हा वर्तमानपत्र तिला मी वाचून दाखवलं होतं. त्यात ‘युगोस्लाव्हियात जन्मलेल्या’ असं होतं. आजीचं त्याने समाधान झालं नाही. नव्या सुनेला, भाडेकरणीला, दवाखान्यातल्या नर्सलाही ती पहिल्यांदा माहेर विचारायची. ‘देश सांगतात, घर नाही सांगत,’ ती म्हणाली. ‘बाप कोण होता तिचा? काय करायचा?’ मला काय ठाऊक असणार! वर्तमानपत्रातही नव्हतं. पण प्रश्न कुठेतरी अडकून राहिला, आणि पुढे बाल्कन देशांविषयी जे हाती लागेल ते वाचताना मी त्याच्या मागे लागले.

बोयाजिउ कुटुंब मूळचं प्रिझरेनचं. आज ते गाव कोसोव्होत आहे, तेव्हा ऑटोमन साम्राज्यात होतं. याच प्रिझरेनमध्ये १० जून १८७८ रोजी अल्बानियन पुढारी एकत्र जमले होते. रशिया-तुर्की युद्धानंतर युरोपातल्या बड्या सत्ता बाल्कनची वाटणी करायला बसल्या होत्या, आणि आपल्या वस्तीचे तुकडे शेजाऱ्यांना वाटले जातील ही भीती त्यांना एकत्र घेऊन आली होती. अल्बानियन राष्ट्रवादाचा आरंभ या प्रिझरेनच्या लीगपासून धरतात. निकोला तेव्हा अगदी लहान होता, त्याचा जन्म १८७४ चा. लीगमधलं भाषण त्याला काय कळणार. पण ज्या गावात हे घडलं त्या गावची मुलं त्याच्याच गोष्टी ऐकत वाढली असणार, असं मी धरून चालते. आमच्याकडे बेचाळीसच्या गोष्टी ऐकत एक आख्खी पिढी वाढली तशी.

निकोला पुढे स्कोप्येला येऊन स्थिरावला. अल्बानियन लोक त्या शहराला श्कुप म्हणतात. १८८८ पासून ते ऑटोमनांच्या कोसोव्हो विलायतेची, म्हणजे प्रांताची, राजधानी होतं. वार्दार नदी, तिच्यावरचा दगडी पूल, पलीकडे जुना बाजार. तुर्क, अल्बानियन, स्लाव, ज्यू, व्लाख, रोमा असे सगळे तिथे राहत. निकोलाने आधी औषधांच्या धंद्यात काम केलं, मग बांधकामाची कंत्राटं घेतली, आणि एका इटालियन भागीदाराबरोबर तेल, साखर, कापड, चामडं असा घाऊक व्यापार केला. शहरातलं पहिलं नाट्यगृह बांधण्यात त्याचा हात होता. नगरपालिकेच्या मंडळावर तो होता. त्याला अल्बानियन, तुर्की, सर्बो-क्रोएशियन, इटालियन, फ्रेंच अशा भाषा येत. व्यापारासाठी तो सतत फिरत असे, आणि परतला की मुलांसाठी वस्तू आणि गोष्टी दोन्ही घेऊन येई. बायको द्राना कडक शिस्तीची होती. तिचं माहेर जाकोवाकडचं. संध्याकाळी नवरा घरी यायच्या वेळेला ती नीटनेटकी होऊन बसे, ही आठवणही मुलांचीच.

त्याच्या घरातली एक गोष्ट मात्र सगळे आवर्जून सांगतात. जेवायच्या टेबलावर नेहमी परकी माणसं असत. मुलांनी विचारलं की द्राना सांगे, कोणी नात्यातले आहेत, बाकीचेही आपलेच आहेत. फिरतीवर निघताना निकोला बायकोकडे पैसे ठेवून जाई, दाराशी येणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही म्हणून. आपल्या ताटातलं दुसऱ्याला दिल्याशिवाय घास घेऊ नका, ही त्याची मुलांना ताकीद होती. मदर तेरेसांच्या चरित्रकारांना या गोष्टी फार आवडतात, आणि ते साहजिकही आहे. पण त्याच टेबलावर आणखीही लोक बसत, त्यांच्याविषयी ही चरित्रं घाईने बोलतात. ते लोक अल्बानियन चळवळीतले होते.

त्या काळात अल्बानियन भाषेत शिकणं हेच राजकारण होतं. ऑटोमन राज्यव्यवस्थेत लोकांची गणती धर्मावरून होई. मुसलमानांनी तुर्की शाळेत जावं, ऑर्थोडॉक्सांनी ग्रीक किंवा स्लाव शाळेत. एकाच भाषेचे लोक तीन धर्मांत वाटलेले, आणि त्या भाषेला स्वतःची अशी लिपीसुद्धा ठरलेली नाही. अरबी, ग्रीक, लॅटिन, ज्याला जी येईल ती. १९०८ च्या नोव्हेंबरमध्ये मानस्तिर या गावी परिषद भरली आणि लॅटिन अक्षरं पक्की झाली. त्या परिषदेत मुसलमान, ऑर्थोडॉक्स, कॅथलिक सगळे होते. निकोला बोयाजिउसारखा स्कोप्येतल्या मूठभर कॅथलिकांपैकी एक व्यापारी या चळवळीत का ओढला गेला असेल, ते मला इथे उमगतं. धर्माने मोजलं तर तो शहरातल्या अगदी छोट्या गटातला होता. भाषेने मोजलं तर आसपासच्या मुसलमान अल्बानियनांशी त्याचं सख्खं नातं होतं.

आजीच्या कलकत्त्याच्या गोष्टी ऐकलेल्या असल्यामुळे मला याचं फार वाटतं. तिथे एक भाषा बोलणारी माणसं धर्मावरून दोन देशांत गेली. इथे धर्म वेगवेगळे असूनही माणसं एका भाषेसाठी एकमेकांच्या घरी जेवत होती. बंगालमध्ये जे मोडलं ते बाल्कनच्या एका कोपऱ्यात, थोडा काळ का होईना, जुळताना दिसतं.

१९१२ हे साल या गोष्टीतलं सगळ्यात भरगच्च साल. उन्हाळ्यात कोसोव्होतल्या अल्बानियनांनी उठाव केला. हसन प्रिश्तिना हा त्यांचा म्होरक्या. तो आधी ऑटोमन संसदेत प्रतिनिधी होता. तिथे बोलून काही होत नाही असं पाहून तो बंडखोरांना मिळाला. त्याने १४ मागण्यांचा मसुदा केला: अल्बानियन शाळा, आपल्या भागात आपली भाषा जाणणारे अधिकारी, शांततेच्या काळात लष्करी नोकरी आपल्याच मुलखात. ऑगस्टमध्ये बंडखोर थेट स्कोप्येत शिरले, आणि कॉन्स्टॅन्टिनोपलच्या सरकारने बहुतेक मागण्या मान्य केल्या. अग्नेस तेव्हा दोन वर्षांची होती. दुसरा पुढारी बायराम त्सुरी, जाकोवाचा, म्हणजे द्रानाच्या माहेरच्या मुलखातला. दोघेही मुसलमान. आणि दोघांचीही बोयाजिउंच्या घरी ये-जा होती.

पण अल्बानियनांना हे मिळालेलं पाहून शेजारी देश सावध झाले. या मुलखावर त्यांचाही डोळा होता. ऑक्टोबरमध्ये बाल्कन युद्ध पेटलं. कुमानोव्होच्या लढाईत तुर्क हरले आणि ऑक्टोबर संपायच्या आत सर्बियन फौज स्कोप्येत आली. महिनाभराने, २८ नोव्हेंबर १९१२ रोजी, दूर समुद्रकाठच्या व्लोरा शहरात इस्माईल केमालीने अल्बानियाचं स्वातंत्र्य जाहीर केलं. म्हणजे ज्या दिवशी देश जन्माला आला त्या दिवशी निकोलाचं शहर दुसऱ्याच सैन्याच्या हातात होतं.

तरी घरात उत्सव झाला. लाझारच्या आठवणीत तो असा आहे: पुढारी मंडळी जमली होती, मॅन्डोलिन वाजत होतं, गाणी चालली होती. मध्येच कोणीतरी काडेपेट्यांची रास रचली आणि पेटवून दिली. ज्वाळा वर चढत गेली. लाझार तेव्हा चार वर्षांचा होता. एवढ्या वयातली आठवण कितपत स्वतःची आणि कितपत मोठ्यांकडून ऐकून ऐकून झालेली, हे कोणी सांगू शकत नाही. माझी स्वतःची अशीच एक आठवण आहे, सियालदाच्या फलाटावरची, आणि तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. म्हणून लाझारच्या काडेपेट्यांवर मी अविश्वास दाखवत नाही. घरात ती रात्र पुन्हा पुन्हा सांगितली गेली, एवढं तरी त्यातून नक्की कळतं. ज्या घरात ती वारंवार सांगितली गेली त्या घराला तिचा अभिमान होता.

हसन प्रिश्तिना आणि बायराम त्सुरी या पाहुण्यांचं पुढे काय झालं ते सांगायलाच हवं, कारण निकोला कोणत्या माणसांबरोबर बसत होता ते त्यावरून समजतं. १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये श्कोदर शहरात ‘कोसोव्हो समिती’ स्थापन झाली आणि हे दोघेही तिचे आधारस्तंभ झाले. कोसोव्हो सर्बांच्या राज्यातून सोडवून अल्बानियाला जोडायचा, हे तिचं ध्येय. हसन प्रिश्तिना १९२१ च्या डिसेंबरमध्ये काही दिवस अल्बानियाचा पंतप्रधानही झाला. पण अल्बानियन पुढारी अहमेद झोगशी दोघांचंही हाडवैर पडलं, आणि सत्ता झोगकडे गेली. १९२५ च्या मार्चमध्ये झोगच्या माणसांनी बायराम त्सुरीला उत्तरेच्या डोंगरांत, द्रागोबीच्या गुहेपाशी घेरलं. तो तिथेच संपला. हसन प्रिश्तिनाला १९३३ मध्ये सालोनिकात गोळ्या घातल्या. बोयाजिउंच्या घरी येणाऱ्या या दोन्ही पाहुण्यांचा शेवट परक्यांपेक्षा आपल्याच लोकांच्या राजकारणाने केला.

बड्या सत्तांच्या राजदूतांची लंडनला परिषद बसली होती, तिने १९१३ मध्ये निर्णय दिला. अल्बानिया स्वतंत्र ठरला, पण कोसोव्हो सर्बियाकडे गेला. स्कोप्येही गेलं. जवळजवळ निम्मे अल्बानियन नव्या देशाच्या सीमेबाहेर राहिले. निकोला त्यांतला एक. आता तो आपल्याच शहरात अल्पसंख्याक होता. मग पहिलं महायुद्ध आलं, शहर बल्गेरियनांकडे गेलं, १९१८ मध्ये पुन्हा सर्बांकडे आलं, आणि १ डिसेंबर १९१८ रोजी सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांचं राज्य जाहीर झालं. राज्याच्या नावात तीन लोकांचा उल्लेख होता, अल्बानियनांचा नव्हता.

मला इथे थांबून एक गोष्ट कबूल करायला हवी असं वाटतं. निकोला आणि त्याचे मित्र जो देश मागत होते त्यात अल्बानियनांखेरीज दुसऱ्याही लोकांची गावं येत होती. स्कोप्येच घ्या, किती जणांचं होतं ते शहर! कोणीही सीमा ओढली असती तरी कोणीतरी पलीकडे पडलंच असतं. राष्ट्रवादाच्या पोटात हा अन्याय नेहमीच असतो, पीडितांच्या राष्ट्रवादाच्या पोटातसुद्धा. पण १९१९ मध्ये स्कोप्येत सत्ता अल्बानियनांकडे नव्हती. त्यांच्या शाळा बंद होत होत्या. बोयाजिउंच्या मुलांनी चर्चच्या शाळेत अल्बानियनमधून शिकायला सुरुवात केली आणि पुढे त्यांना सर्बो-क्रोएशियनमधून शिकावं लागलं. अशा वेळी जो माणूस गप्प बसला असता तर त्याचा व्यापार सुखाने चालला असता, तो गप्प बसला नाही.

१९१९ मध्ये पॅरिसला शांतता परिषद चालू होती. सीमा पुन्हा एकदा पटावर होत्या, म्हणून सगळीकडे आशा होती. निकोला एका राजकीय मेळाव्यासाठी बेलग्रेडला गेला. विषय कोसोव्होचा, तो अल्बानियाला जोडण्याचा. घरातून निघताना तो धडधाकट होता. परत आला तो गाडीत घालून आणलेला, सोबतीला इटलीचा कॉन्सुल, आणि तोंडातून रक्त जात होतं. द्रानाने अग्नेसला धर्मगुरूला आणायला पिटाळलं. त्यांच्या चर्चचा धर्मगुरू जागेवर नव्हता. ती पोर रेल्वे स्टेशनवर धावली, तिथे एक अनोळखी धर्मगुरू दिसला, त्यालाच घेऊन घरी आली. मरणाऱ्याला द्यायचा संस्कार त्याने केला आणि आला तसा निघून गेला. निकोलाला इस्पितळात नेलं, शस्त्रक्रिया केली, उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी तो गेला. वय पंचेचाळीसच्या आसपास.

डॉक्टरांना विषप्रयोगाचा संशय होता. कुटुंबाची तर खात्रीच होती. सिद्ध काहीच झालं नाही, आणि त्या राज्यात त्या वर्षी ते सिद्ध करायला कोणी बसणारही नव्हतं. एका अल्बानियन पुढाऱ्याच्या मृत्यूची चौकशी कोण करणार? म्हणून मी ‘खून’ असा शब्द लिहीत नाही. पण जिथे चौकशीचा दरवाजाच बंद असतो तिथे घरच्यांची खात्री हीच एकमेव साक्ष उरते, आणि ती मला हलकी वाटत नाही.

नऊ वर्षंही पुरी न झालेल्या मुलीच्या वाट्याला काय आलं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बापासाठी ती अनोळखी माणूस शोधत स्टेशनवर गेली. तिच्या आयुष्यातलं हे पहिलं मोठं काम होतं, आणि ते मरणाऱ्याजवळ कोणीतरी असावं यासाठीचं होतं. पुढे कलकत्त्याच्या कालीघाटात तिने मरणाऱ्यांसाठी जे केलं त्याच्याशी ते जोडायचा मोह होतो. चरित्रकार जोडतातही. मी जोडत नाही, कारण ती स्वतः याविषयी फारसं बोलली नाही. तिचं हे गप्प राहणंच मला जास्त सांगून जातं. वडील राजकारणापायी गेले असं ज्या घरात मानलं जायचं त्या घरातल्या मुलीने आयुष्यभर राजकारणावर बोलायचं टाळलं. मला समोरचा माणूस दिसतो, अशा अर्थाचंच ती बोलत राहिली. लोकांनी त्याला भोळेपणा म्हटलं, काहींनी सोयीस्करपणाही म्हटलं. स्कोप्येतलं ते घर डोळ्यांसमोर आणलं की मला त्यात भाजलेल्या माणसाची सावधगिरी दिसते.

निकोलाच्या मागे भागीदाराने धंदा आपल्याकडे घेतला. द्रानाकडे घर उरलं, आणि तीन मुलं. काही काळ ती पार खचली. पण मग उठली, आणि भरतकाम केलेलं कापड, गालिचे यांचा व्यापार तिने उभा केला. कापड गिरण्यांत ती जायची तेव्हा लाझार बरोबर असे. नक्ष्यांबद्दल व्यवस्थापक तिचा सल्ला घेत, हे त्याला मोठेपणीही आठवत होतं. टेबलावरची परकी माणसं थांबली नाहीत. फक्त पुढारी यायचे बंद झाले असावेत.

लाझार मोठा होऊन अल्बानियाला गेला आणि सैन्यात अधिकारी झाला. १९२८ मध्ये झोगने स्वतःला राजा म्हणून जाहीर केलं, आणि लाझार त्या राजाच्या चाकरीत होता. ज्या झोगच्या माणसांनी बायराम त्सुरीला मारलं, त्याच झोगच्या. बापाच्या घरच्या पाहुण्याला मारणाऱ्याची नोकरी मुलगा करतो. असा इतिहास पुस्तकात वाचताना चमकतो, पण जगताना माणसाला पगार हवा असतो आणि देश हवा असतो. तो अल्बानिया होता, बापाला हवा होता तो देश, जेवढा मिळाला तेवढा. त्याच वर्षी बहिणीने जोगीण व्हायचं ठरवलं. लाझारने पत्र लिहून विचारलं, हे काय करतेस? तिने उलट कळवलं की तू वीस लाख लोकांच्या राजाची सेवा करतोस, मी सगळ्या जगाच्या राजाची करीन. ती अठरा वर्षांची होती. सप्टेंबरमध्ये ती स्कोप्येहून निघाली, झाग्रेबला आईचा निरोप घेतला, आयर्लंडमार्गे १९२९ च्या जानेवारीत कलकत्त्याला पोहोचली. आईची आणि तिची पुन्हा भेट झाली नाही.

का झाली नाही, याचं कारण पुन्हा राजकारणच. द्राना आणि थोरली बहीण आगा पुढे अल्बानियाच्या राजधानीत, तिरानाला राहायला गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे कम्युनिस्ट पुढारी एन्व्हर होजाची सत्ता आली आणि देशाची दारं बंद झाली. १९६७ मध्ये त्याने धर्मावरच बंदी घातली. लाझार इटालियन सैन्यात गेला होता, म्हणून त्याच्या गैरहजेरीत त्याला मृत्युदंड सुनावला गेला. तो इटलीतच राहिला. मरण्यापूर्वी मुलांना पाहावं एवढीच द्रानाची इच्छा होती. मदर तेरेसांच्या वतीने देशोदेशींच्या मोठ्या माणसांनी रदबदली केली. त्या दोघींना बाहेर सोडलं नाही, तिलाही आत येऊ दिलं नाही. द्राना १९७२ च्या जुलैत गेली. पुढच्याच वर्षी आगाही गेली.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या देशासाठी निकोला बेलग्रेडला गेला, त्याच देशाने त्याच्या बायकोला लेकीची भेट नाकारली. जिला पुढे नोबेल मिळालं त्या बाईच्या, आईला एकदा बघू द्या, या विनवणीचाही काही उपयोग झाला नव्हता, आणि नोबेलच्या आधीच आई गेली होती.

होजा १९८५ मध्ये मेला. १९८९ मध्ये मदर तेरेसांना तिरानाला जाता आलं. त्या आईच्या आणि बहिणीच्या थडग्यांवर गेल्या. होजाच्या थडग्यावरही त्यांनी फुलं वाहिली, त्याच्या विधवेला भेटल्या. यावरून त्यांच्यावर फार टीका झाली, आजही होते. त्यांच्या टीकाकारांशी मी इतरत्र सहमत होते. इथे मला नीट न्याय करता येत नाही. ज्या माणसाने आईला भेटू दिलं नाही त्याच्या थडग्यावर फूल ठेवताना त्यांच्या मनात काय होतं? दोन वर्षांत, १९९१ मध्ये, तिरानात त्यांच्या संस्थेचं घर सुरू झालं. ते फूल हा त्याचा मोबदला असेल, तर तो फार महाग होता.

त्यांच्या पश्चात भांडण लागलं ते वेगळंच. स्कोप्ये आता उत्तर मॅसिडोनियाची राजधानी आहे. २००३ मध्ये त्यांचा एक पुतळा रोमला भेट द्यायचं ठरलं, आणि त्यांना मॅसिडोनियाची कन्या म्हणायचं की अल्बानियाची यावरून दोन्हीकडचे लोक हमरीतुमरीवर आले. निकोलाच्या वंशाचा शोध सुरू झाला. कोणी म्हणालं तो व्लाख होता, कोणी म्हणालं अस्सल अल्बानियन. स्कोप्येत २००९ मध्ये त्यांचं स्मृतिभवन उघडलं, १९६३ च्या भूकंपात पडलेल्या त्यांच्या चर्चच्या जागेवर. तिरानाच्या विमानतळाला त्यांचं नाव आहे. कोसोव्होच्या राजधानीत, प्रिश्तिनात, जिथे बहुसंख्य लोक मुसलमान आहेत, त्यांच्या नावाचं कॅथलिक कॅथेड्रल उभं आहे. त्याचा पाया २००५ मध्ये कोसोव्होचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष इब्राहिम रुगोवा यांनी घातला, तेही मुसलमान घरातले.

या सगळ्या भांडणात निकोलाचं रक्त तपासलं जातं, आणि त्याचं राजकारण कोणी वाचत नाही, याचा मला राग येतो. त्याने रक्ताचा दाखला कधी मागितला असेल असं मला वाटत नाही. त्याच्या टेबलावर मुसलमान पुढारी बसत, दाराशी भिकारी येत, आणि त्याची भाषा त्या शहरातल्या शाळेत शिकवली जावी म्हणून तो नगरपालिकेपासून बेलग्रेडपर्यंत जात होता. प्रिश्तिनाच्या कॅथेड्रलचा पाया घालणारा मुसलमान राष्ट्राध्यक्ष मला त्या टेबलावरच्या माणसांचा वारसदार वाटतो; पुतळ्याखालच्या पाटीवरून भांडणारे वाटत नाहीत.

लाझार १९८१ मध्ये इटलीत वारला. त्याच्याकडून ऐकून घेतलेल्या आठवणी कोसोव्होतले एक अल्बानियन धर्मगुरू, लुश जेर्जी, यांनी लिहून काढल्या. नंतरच्या बहुतेक चरित्रांतला निकोला तिथूनच आला. म्हणजे सत्तरी ओलांडलेला एक निर्वासित लष्करी अधिकारी, त्याला जन्मगावी परतायची सोय नाही, आईच्या मरणालाही जाता आलेलं नाही, तो बसून सांगतो आहे: सराफांची दुकानं बंद होती, मुलांना रुमाल दिले होते, काडेपेट्यांची रास पेटली होती. एका राजकीय कार्यकर्त्याचं चरित्र म्हणून एवढंच हाती आहे. आर्काइव्हमध्ये बसणाऱ्या तरुण अल्बानियन, मॅसिडोनियन आणि सर्बियन अभ्यासकांनी आता बेलग्रेडचा तो मेळावा, स्कोप्ये नगरपालिकेची दप्तरं आणि इटालियन कॉन्सुलचे अहवाल यांच्याकडे वळावं, आणि निकोला बोयाजिउवर त्याच्या स्वतःच्या नावाने पुस्तक लिहावं. आजी आता नाही, पण ते पुस्तक आलं की सगळ्यात आधी मी विकत घेईन.